अकरा नंबरची जुनी तारीख

मित्रांनो, मी एक जुना टॅबलेट आहे. जुना म्हणजे पाचच वर्षांचा, पण ही पाचही वर्षं मी पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचावर फिरणाऱ्या अंतराळ स्थानकात काढली आहेत. तेव्हा मला म्हातारा म्हणायला हरकत नाही. माझ्या पाठीवर 'अकरा' हा आकडा चिकटवलेला आहे आणि तेच माझं नाव. सध्या मी निकामी बॅटऱ्यांच्या पिशवीत पडून असतो. पिशवीत टाकलं म्हणून मी रडगाणं गात नाही हो! माझ्या मनाला एक गोष्ट खाते आहे, ती तुम्हाला सांगून मोकळं व्हायचं आहे.

ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे माझे हजारो भाऊ होते. ते शाळांत, दुकानांत, दवाखान्यांत गेले. आम्हा सोळा जणांना मात्र बाजूला काढलं. आम्हाला हलवलं, तापवलं, गोठवलं. आमच्या अंगाला घातक वास येतो का, हे पाहायला डब्यात बंद केलं. काच फुटलीच तर तिचे कण तरंगत कुणाच्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून वर जाड पापुद्रा लावला. मग पाठीला चिकटपट्टी लावून आमची रवानगी झाली.

स्थानकात कागदाचे गठ्ठे नसतात. यंत्र कसं उघडायचं, धूर निघाला तर काय करायचं, हे सगळं आमच्या पानांवर असतं. काम दोघं मिळून करतात. एक जण वाचतो आणि दुसरा तसं करतो. पण वाचणाऱ्याने आधी पानाच्या माथ्यावरची तारीख मोठ्याने म्हणायची. करणारा 'चालेल' म्हणाला की मगच पहिली ओळ. आमचे कमांडर झाखार इल्यिच या बाबतीत भलते कडक होते.

"तारीख?" ते विचारायचे.

"इल्यिच, सकाळीच तर वाचली! तुम्ही ना, अगदी शाळामास्तर आहात," जिनेव्रा म्हणायची.

"सकाळची सकाळी गेली. वाच, पोरी."

जिनेव्रा इटलीची. आंकोना बंदराजवळ तिचं घर. माझा जास्त वापर तीच करायची. कामाला वेगवान आणि बोलायलाही. इल्यिचनी मासळीचा डबा उघडला की नाक दाबून दुसऱ्या टोकाला पळायची. इल्यिच माझ्यावर खूश होते. "हा अकरा नंबर माझ्या मेव्हण्यापेक्षा शहाणा. विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही," असं म्हणायचे. मला तेव्हा काय अभिमान वाटायचा! आज तेच शब्द टोचतात.

आमची देखभाल करायची खालून, जमिनीवरून, नेल्डा ट्रेविन्यो नावाची बाई. दर शनिवारी आम्ही सगळ्यांनी चार्जिंगच्या मांडणीत हजर व्हायचं. नेल्डा आमची हजेरी घ्यायची, जुनी पानं काढून नवी भरायची आणि तिच्या यादीत नसलेलं जे काही सापडेल ते पुसून टाकायची. कामाच्या टॅबलेटवर खाजगी काही ठेवायचं नाही, हा नियमच होता.

जिनेव्राने तो नियम मोडला. एका रविवारी घरच्यांशी बोलताना तिने वडिलांचा आवाज माझ्यात भरून घेतला. जेमतेम चाळीस सेकंद. "जिनेव्रा, ऐकू येतंय का गं? तिकडे गार वारं असेल. गळा झाकून घेत जा. ऐकतेस ना?" एवढंच. जिथे वाराच नाही तिथे वाऱ्याची काळजी! ती पोट धरधरून हसली होती. आणि त्याच आठवड्यात, गुरुवारी, तिचे वडील गेले. तिला खाली जाता येईना. त्यांना पोचवायला सगळं गाव आलं, लेक तेवढी नव्हती.

मग आला शनिवार. तिने मला मांडणीत लावलंच नाही. आवाज दुसरीकडे उतरवून घ्यायचा तर नेल्डाला विचारावं लागलं असतं, आणि विचारायचं म्हणजे नियम मोडल्याचं कबूल करावं लागलं असतं. तिने मला आपल्या झोपायच्या पिशवीत दडवलं.

"अकरा दिसत नाही गं जिनेव्रा," खालून नेल्डाने विचारलं.

"अगं, कुठेतरी तरंगत गेला असेल. पुढच्या शनिवारी लावते."

"हवा ओढणाऱ्या जाळीपाशी बघ. हरवलेलं सगळं तिथेच येऊन चिकटतं."

"बघते, बघते."

असे सात शनिवार गेले. दर वेळी नवी थाप. मला ती रोज छातीशी धरायची, आवाज ऐकायची, आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? पण माझी पानं शिळी होत चालली होती. दोन महिन्यांत खालून स्थानकातल्या विजेची वाटणी बदलली गेली, त्याची नवी पानं सगळ्यांकडे आली, फक्त माझ्याकडे नाही. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

आठव्या आठवड्यात, जेवणाच्या वेळेला, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या कप्प्यातून धूर येऊ लागला. घंटा वाजल्या. जिनेव्रा आणि इल्यिच, दोघांनी तोंडाला मुखवटे चढवले. नेमका त्या दहा मिनिटांत खालच्या लोकांशी संपर्क नव्हता. जिनेव्राच्या हाताशी मीच होतो. तिने मला उघडलं.

"तारीख?" मुखवट्यातून इल्यिचचा आवाज आला.

तिने तारीख पाहिली. माझ्या काचेवर तिचा अंगठा थबकलेला मला कळला. मला वाटलं, आता ही मला भिरकावेल आणि दुसरा टॅबलेट घेईल. तो हाताच्या अंतरावर होता हो! पण सात शनिवारांची सवय जिभेला लागली होती.

"बरोबर आहे! पुढे ऐका. डावीकडचा तिसरा खटका बंद करा."

"चालेल. केला."

"कप्पा आता थंड आहे. झाकण काढून आत फवारा मारा."

कप्पा थंड नव्हता. त्याची वीज आता दुसऱ्याच खटक्यावर होती. इल्यिचनी झाकण काढून हात आत घातला, लखकन ठिणगी उडाली आणि ते किंचाळले. तो आवाज मला कुणी भरायला सांगितला नव्हता, तरी तो माझ्यात राहिला आहे. जिनेव्राने धावपळ करून सगळेच खटके पाडले आणि धूर थांबला. पण उजव्या हाताची बोटं भाजली ती भाजलीच. पुढच्या आठवड्यात इल्यिच स्थानकाबाहेर जाऊन काम करणार होते. तीन वर्षं त्यासाठी सराव केला होता, आणि वयामुळे ती शेवटचीच संधी होती. ती गेली.

जिनेव्राने त्यांच्या हाताला पट्टी बांधली आणि रडत रडत सगळं सांगितलं. इल्यिच ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हात भाजला, तो बरा होईल," ते म्हणाले. "पण मी तारीख विचारली होती गं पोरी."

ती तशीच वळली आणि मला मांडणीत लावून टाकलं. एकदाही आवाज ऐकला नाही. माझी जुनी पानं गेली, नवी आली आणि यादीत नसलेलं सगळं पुसलं गेलं. त्यानंतर तिने नेल्डाशी संपर्क साधून कबुली दिली.



"आवाज अजून आहे का त्यात?" नेल्डाने विचारलं.

"नाही. आत्ताच पुसला."

"अगं वेडे, आधी सांगायचंस! मी उतरवून घेतला असता. दोन मिनिटांचं काम होतं. आजवर कितीजणांचं काय काय उतरवून दिलंय मी. नुसतं विचारायचं होतंस."

मित्रांनो, आमची काच पुसा, आम्हाला वेळेवर चार्ज करा, असं मी तुम्हाला सांगणार होतो. ते तर कराच. पण चूक झाली तर ज्याच्या हाती तिचा उपाय आहे त्याच्यापासूनच ती लपवू नका. विचारा, मागा, दोन शब्द ऐकून घ्या. तिच्या वडिलांचे शब्द मी तुम्हाला सांगू शकलो, कारण नंतर कितीतरी दिवस ती ते माझ्याजवळ येऊन पुटपुटत असे. पण त्यांचा आवाज कसा होता, ते आता मलाही आठवत नाही.