चार बाटल्या कोमट पाणी

चाळीस वर्षं मी रेवदंड्याच्या बंदरावर बर्फ विकला. लाद्या फोडल्या, बोटी भरल्या, दोन नखं कायमची गमावली. त्यामुळे बर्फाबद्दल मला कुणी काही शिकवावं हे मला मान्यच नव्हतं. पोटच्या पोरीनं तर नाहीच नाही.

आफरा माझी थोरली, वय एकतीस. हिमाचलात एका संस्थेच्या दवाखान्यात नर्स आहे. पोरगा मस्कतला गेला की आमच्यात पेढे वाटतात. पोरगी डोंगरात नोकरीला गेली की चौकशा करतात. मुश्ताकभाय, तिकडं कोन हाय तिचं? चार वर्षं ऐकून घेतलं. या जानेवारीत परतीची दोन तिकिटं काढूनच तिच्याकडं गेलो. तिला विचारलं नव्हतं. विचारायची गरजच वाटली नव्हती. लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

पोचलो तर म्हणाली, "उद्या मला वरच्या वस्तीवर जायचंय. सात पोरांना लस द्यायचीय. परवा रात्री मोठा बर्फ सांगितलाय, मग वाट मार्चपर्यंत बंद. काय बोलायचं ते चालता चालता बोला."

सकाळी निघालो. गुडघाभर बर्फ. ती पुढं काठीनं वाट चाचपत, मी मागं. लसीचा निळा डबा माझ्या खांद्याला. मीच मागून घेतला होता.

"अब्बा, धाप लागली तर सांगा."

"तुझ्या वजनाची लादी एका लोखंडी आकड्यानं ओढायचो मी."

"तेव्हा हे पोट कुठं होतं?"

तिकिटांचा विषय काही निघेना. चढणीवर तोंडातून नुसती वाफ निघत होती.

एका वळणावर वरून बर्फ घसरून वाट बुजली होती. "इथंच बसा, दुसरी वाट बघून येते," म्हणून ती गेली. अर्धा तास झाला. मी डबा उघडला. सवय. माल घेऊन निघालेला माणूस मधे एकदा बर्फ बघतोच. आत लसीच्या बोटभर बाटल्या, आणि चारी बाजूंना चार चपट्या प्लास्टिकच्या बाटल्या. त्यांत पाणी. हात लावला तर चक्क कोमट.

बर्फाचं पाणी झालं, माल नासणार, आणि पोरीला पत्ता नाही. चहूकडं बर्फ फुकट पडलेला. पाण्याच्या बाटल्या काढून पिशवीत टाकल्या आणि डबा आमच्या रीतीनं भरला. एक थर बर्फ, एक थर माल, वर परत बर्फ, दाबून. चार वर्षांत पहिल्यांदा हिच्या कामाला आपला हात लागला, असं वाटलं. ती वाट काढून परत आली, तिला मात्र सांगितलं नाही. वर पोचून ऐटीत सांगणार होतो.

तासाभरानं मेंढपाळांची रिकामी खोपी लागली. आफरानं आतला थर्मामीटर बघायला डबा उघडला आणि बघतच राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"हे कुणी केलं?"

"पाणी झालं होतं त्याचं. मी ताजा भरला."

"ते पाणीच होतं, अब्बा. मीच कोमट करून ठेवलं होतं. बाहेर उणे दहा आहे. ही लस गार पाहिजे, दोन ते आठ अंश, पण गोठली की मेली. इथं तिला थंडीपासनंच वाचवायचं असतं."

तिनं एक बाटली उजेडात धरली. आत पांढरे तुरे उठले होते.

"छातीशी धर. सुटेल परत," मी म्हणालो.

"सुटेल. दिसेलही आधीसारखी."

"मग टोच. कुनाला कळतंय?"

हे मी बोललो. दुसरं कुणी नाही.

तिनं डबा बंद केला. "बर्फ सुटलेली सुरमई परत बर्फात घालून ताजी म्हणून विकलीत कधी?"

नाही. एकानं तसं केलं तेव्हा त्याची अख्खी पेटी मी खाडीत उलटी केली होती. तेव्हा ही नऊ वर्षांची, माझ्या शेजारी उभी होती.

"माशाला निदान डोळे असतात. गिऱ्हाईक बघून ओळखतं," ती म्हणाली. "याला डोळे नाहीत. त्या आया माझ्या तोंडाकडं बघून पोरं पुढं करतात."

मी विचारलं, "खाली दुसरी हाय का?"

"आहे. उद्या परत चढून उतरायचं, बर्फ पडायच्या आत. मी जाईन एकटी. तुमची उद्या सकाळची बस आहे." मग म्हणाली, "आपल्या दोघांची. तिकिटं बघितली मी, कोटाच्या खिशात."

आम्ही खाली उतरलो. दवाखान्याच्या वहीत ती लिहायला लागली, 'डबा माझ्या ताब्यात होता.' मी तिचा हात धरला. "उघडला मी. माझं नाव लिही. मुश्ताक, बर्फवाला, रेवदंडा." तिनं लिहिलं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. जुलेखानं विचारलं, "उद्या निघताय ना दोघं?"

"निघतोय. वर."

"आनि लोकांना काय सांगू?"

"सांग, मुश्ताकला बर्फ कळत न्हाय."

दुसऱ्या दिवशी गुडघे सुजून बूट घालताना डोळ्यांत पाणी आलं. आफरानं पाणी कोमट केलं, चार बाटल्या भरल्या, डबा लावला. मी तो कोटाच्या आत, पोटाशी बांधला. या पोटाचा एवढा उपयोग कधी झाला नव्हता. बुजलेल्या वळणावर दोनदा पडलो, दोन्ही वेळा पाठीवर. डबा वर. खोपी आली तेव्हा ती थांबली नाही, मीही नाही.

वस्तीवर पोचलो तेव्हा आभाळ काळं झालं होतं. आफरानं डबा उघडून थर्मामीटर बघितला.

"चार," ती म्हणाली. "अधिक चार."

पहिली बाई पोर घेऊन पुढं आली. तिनं आधी माझ्या पोरीच्या तोंडाकडं बघितलं. मग पोराची मांडी उघडी केली.