चिमट्यातला घोडा

भाड्याने द्यायचे पाणसूट धुऊन वाळत घालणं हे माझं काम. लोक पाण्यात काय काय करून येतात ते सूट उलटा केला की कळतं. जास्त सांगत नाही, तुमची जेवायची वेळ असेल. धाकट्या दिराची डायव्हिंगची शाळा आहे. आमचे हे बोट चालवतात. काउंटर, बादल्या आणि तो वास माझ्याकडे.

गिऱ्हाइकांना विकायला पाण्याखाली फोटो काढणारा माणूस शाळा सोडून गेला तेव्हा मीच विषय काढला. "भाऊजी, मला शिकवा."

"वहिनी, बुडी मारता येते तुम्हाला, कबूल. पण कॅमेरा म्हणजे बादली विसळणं नव्हे."

"शिकवणार की नाही तेवढं बोला."

"विकला जाईल असा एक फोटो काढून दाखवा, बोटीवरची जागा तुमची. नाहीतर आहेच मोरी."

शिकायला लागले आणि किळसवाण्या कामांची नवी यादीच समोर आली. काचेवर वाफ धरू नये म्हणून मुखवट्यात थुंकायचं आणि ती थुंकी बोटाने सारवायची. तोंडात धरायच्या रबरी नळीवर आधीच्या कुणाच्या तरी दातांचे व्रण. कॅमेऱ्याच्या पेटीचं रबरी कडं मलम लावून बसवायचं. त्यात एक केस अडकला तरी पाणी आत आणि कॅमेरा कामातून गेला. हे सगळं अंगवळणी पडलं. माणसाला कशाचीही सवय होते.

फोटो मात्र जमेनात. पाय वाळूला लागायचा, गाळ उडायचा, आणि फ्लॅश पेटला की कण न् कण पांढरा उजळायचा. भाऊजी पडद्यावर बघून म्हणाले, "वा! पिठाच्या गिरणीचा फोटो काढलात."

"हसा. तुमच्या दादांनी पहिल्यांदा बोट धक्क्यावर घातली होती, तेव्हाही तुम्ही असेच हसला होतात."

मग हळूहळू श्वास सापडला. आत घेतला की अंग चार बोटं वर, सोडला की खाली. मी मनात नाम घ्यायला लागले आणि त्या लयीवर जागच्या जागी तरंगायला लागले. गाळ उडेना. खाली इतकी शांतता असते की देव पलीकडच्या खोलीतच बसलाय असं वाटावं.

एके दिवशी भाऊजी पुढे गेले आणि खडकामागून त्यांनी हाताने खूण केली. जाळीदार पंख्यासारखं जांभळं पोवळं होतं, आणि त्यावर अंगठ्याएवढा समुद्रघोडा. पोट टम्म फुगलेलं. यांच्यात बाळंतपण बाप्यांकडे असतं बरं का! मी श्वास सोडला, स्थिर झाले आणि बटण दाबलं.

वर आल्यावर भाऊजींनी बोटीतच टाळ्या पिटल्या. "जिंकलात, वहिनी!" आमचे हे इंजिनापाशी उभे होते. म्हणाले, "आता घरात भाजी कोण चिरणार?" मी म्हटलं, "सुरी तुम्हाला ओळखते की." त्या दिवशी माझे पाय जमिनीवर टेकत नव्हते. देवाने काय घडवलंय, आणि ते टिपायला माझा हात निवडला!

दुपारी काउंटरवर बसून तो फोटो संगणकावर मोठा केला. बारीक ठिपके पुसायचे होते. मोठा करत शेपटीपाशी आले आणि थांबले. घोड्याने शेपटी पोवळ्याला गुंडाळलेलीच नव्हती. तिच्यात एक मातकट शेवाळाचा तुकडा होता, बुडाशी फाटलेला. असलं शेवाळ खडकावर उगवत नाही. ते धक्क्याच्या खांबांखालच्या चिखलात असतं, मी रोज बघते. मानेच्या दोन्ही बाजूंना फिकट वळ होते.

मी भाऊजींना हाक मारली.

"हो, मीच आणून ठेवला," ते सहज म्हणाले. "चिखलात फोटो कुठे येतो? मागची बाजू नको का चांगली?"

"हाताने उचललात?"

"छे, हात कशाला? चिमट्याने." खिशातून काढून दाखवलाही. "सोडत नव्हता शेवाळ. हट्टी असतात."

"पोटुशी होता तो, भाऊजी."

"अहो, फोटोवाला हनुवटी धरून मान वळवतो की नाही? तसंच हे. सगळेच करतात. जुने सगळे फोटो असेच काढलेत."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. मुखवट्यातली थुंकी त्यापुढे गंगाजळ म्हणायची.

दुसऱ्या दिवशी कामाचा पहिला दिवस. गिऱ्हाईक एक नवराबायको. मी गेले, कारण वाटलं, आता मी बोललेय तर ऐकतील. खाली गेल्यावर भाऊजी सरळ खांबांकडे वळले. चिखलात एक घोडा शेवाळाला धरून डुलत होता. कालचाच की दुसरा, कोण जाणे. चिमटा मानेला लागला. त्यांनी ओढलं. घोडा सोडेना. शेपटी ताणली, दोरीसारखी बारीक झाली. भाऊजींनी दुसऱ्या हाताने मला थांबायची खूण केली: अजून नाही, पोवळ्यापाशी गेल्यावर.

मी तेव्हाच बटण दाबलं. चिमटा, ताणलेली शेपटी, फुगलेलं पोट आणि मागे काचेआडचा भाऊजींचा चेहरा, सगळं एकाच चौकटीत.

फ्लॅशने ते दचकले आणि चिमटा सुटला. घोडा शेवाळात शिरला. मी मध्ये जाऊन आडवी झाले. हलले नाही.

शाळेत परतल्यावर मी तो फोटो मोठ्या पडद्यावर लावला. गिऱ्हाईक समोरच होतं. मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल; परक्यांसमोर तरी.

बाई पुढे सरकून म्हणाल्या, "अय्या! किती गोड! असा हातात धरून मिळतो? मला असाच फोटो हवा, पण चिमटा माझ्या हातात."

भाऊजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वहिनी, कमाल केलीत! हे कधी सुचलं नव्हतं बघा मला. उद्या यांचा काढू."

त्यांच्या हाताखालची पाठ मी बाजूला घेतली. "मी काढणार नाही."

"का? एवढी जागा मिळवलीत—"

"ती तुमच्याकडेच ठेवा." मग बाईंना म्हटलं, "ताई, त्याच्या पोटात पिल्लं आहेत. ओढून त्याची शेपटी तुटेल. तो तुम्हाला मिळायला नको, एवढंच मी देवाला सांगेन."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "मग पैसे कशाचे भरले आपण?"

सकाळी बोट सुटायच्या वेळी मी धक्क्यावर उभी होते. भाऊजींच्या गळ्यात कॅमेरा होता. बाई चिमटा उघडून मिटून बघत होत्या, टिक, टिक.

"वहिनी, अजून वेळ गेली नाही. या वर," भाऊजी म्हणाले. "राग नाकावर ठेवून पोट भरतं का?"

आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच इंजिनाकडे वळले. घरचा संसार त्या इंजिनावर चालतो, मला माहीत आहे. तरीही त्यांची पाठ पाहून मला तशीच शिसारी आली, आणि ती आली याचं वाईटही वाटलं.

मी खांबाला बांधलेला बोटीचा दोर सोडवला. बुळबुळीत, ओला. तो बोटीत फेकला तर भाऊजींच्या अंगावर पडला.

"अहो वहिनी! शी!" ते सदरा झटकत ओरडले.

"हो ना," मी म्हटलं. "शी."