हलगीविना बैठक

जिल्ह्याच्या नव्या आराखड्यात स्वमग्न मुलांसाठी केंद्र होणार होतं, पण अठरा वर्षांपर्यंतच. पंचशीलाची स्वमग्न लेक बुद्धप्रिया बावीसची. तिला त्यात जागा मिळावी, एवढंच सांगायला पंचशीला तिला घेऊन किल्लारीच्या समाजमंदिरात आराखड्याच्या बैठकीला आली.

लातूरहून नियोजन अधिकारी अपूर्वा जीपमधून उतरल्या आणि स्वागताची हलगी कडाडली. बुद्धप्रिया कान झाकून किंचाळली अन् मागच्या लिंबाखाली पळाली.

"सरपंच, आधी हलगी थांबवा," अपूर्वा म्हणाल्या.

"अहो मॅडम, सत्कार राहिलाय! शाल आणलीय लातूरहून."

"ती घरी वहिनींना द्या. खूश होतील."

लोक हसले. अपूर्वा लिंबाखाली गेल्या आणि बुद्धप्रियापासून थोडं लांब, मातीतच गप्प बसल्या. आजवर आलेल्या प्रत्येक साहेबानं पोरीला आधी नाव विचारून भंडावलं होतं. पंचशीला बघतच राहिली. बऱ्याच वेळानं बुद्धप्रियानं कानांवरचे हात काढले आणि एक लिंबोळी अपूर्वांपुढं ठेवली.

पंचशीलाला धीर आला. "मॅडम, अठरा सरले की हलगी सोसती का वो पोरीला?"

"नाही ताई. चूक आमचीच आहे. मी अट बदलायला लावते."

"वरचे साहेब ऐकत्यात व्हय?"

"त्यांना इथंच आणते."

महिन्याभरात तिघे साहेब आले. हलगी घरीच राहिली. अपूर्वांनी त्यांनाही मातीत बसवलं. बुद्धप्रियानं प्रत्येकापुढं एकेक लिंबोळी मांडली, आणि वयाची अट तिथंच खोडली गेली.