हिरवं गेट

"गेट हिरवं आहे ताई, गल्लीच्या टोकाला. माझा माणूस काल दुपारी स्वतः बघून आलाय, तुम्ही अगदी निश्चिंत राहा," कामगार निरीक्षक फोनवर म्हणाले. "वरच्या खिडकीतून एका पोरीनं त्याला हातसुद्धा केला म्हणे. लहान मुलं गाडीला करतात ना, तसा."

ताईंच्या हातातली पेन्सिल थांबली.

"तुम्ही माणूस पाठवला होता?"

"मग काय! ऐन वेळी गल्ली चुकली तर आमचीच शोभा. अकराला टँकर येतो ना? आम्ही पावणेअकराला कोपऱ्यावर हजर."

ताईंनी फोन ठेवला. समोर नर्स बसली होती. तिच्या मांडीवर चष्म्याची निळी डबी होती आणि ती तिचे झाकण उगाचच उघडमीट करत होती.

माणसांची विक्री रोखण्यासाठी सरकारने सगळ्या खात्यांची मिळून एक समिती नेमली होती. समितीचे नाव एका दमात म्हणता येत नसे. पण तिचे रोजचे रूप म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची ही खोली, दोन फोन आणि ताई. पोलिसांनी धाड घालायची, कामगार खात्याने कारखान्याला टाळे ठोकायचे, निवारागृहाने मुलींना ठेवून घ्यायचे आणि हे सगळे एकाच वेळी घडेल हे ताईंनी पाहायचे. हुकूम कुणालाच देता येत नसे. विनवायचे, आठवण करायची, रुसलेल्याला समजवायचे. नवरा त्यांना टेलिफोनचे 'एक्स्चेंज' म्हणत असे.

हिरव्या गेटमागच्या कारखान्यात मुली कपड्यांवर मणी आणि टिकल्या शिवत. नोकरीचे आमिष दाखवून त्यांना लांबून आणले होते आणि आणल्यापासून कोंडून ठेवले होते. त्यांचे डोळे सुजायला लागले आणि टाके चुकायला लागले, तेव्हा मालकाने स्वतःच्या सोयीसाठी आरोग्य केंद्रातून नर्सला बोलावून घेतले. नर्सने भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगून एकेकीचे डोळे तपासले. मालकाची बहीण दारात पहारा देत बसली होती. एका मुलीचा नंबर लागला तेव्हा ती तक्त्याकडे पाहत, अक्षरे वाचावीत त्याच सुरात, हळूच म्हणाली, "आम्हाला सोडत नाहीत. दार फक्त पाण्याच्या टँकरला उघडतं."

नर्सही पक्की. "शाबास," ती म्हणाली, "आता खालची ओळ वाच." आणि डोळ्यांत थेंब टाकायला वाकली तेव्हा तिच्या कानाशी पुटपुटली, "माझी माणसं येतील. वाट बघ."

त्या मुलीला खरोखरच लांबचे दिसत नव्हते. नर्सने तिच्यासाठी चष्मा करून घेतला होता.

दार ढकलून निवारागृहाचे ड्रायव्हरकाका आत आले. "ताई, गाडी खाली लावलीय. एक सांगतो, गल्लीत गाडी वळत नाही. आत घालायची तर उलटीच घालावी लागेल."

"तुम्हाला कसं माहीत?"

"काल बघून आलो की! आमच्या बाईंनी पाठवलं होतं. तिथला पंक्चरवाला तर हसायलाच लागला. म्हणतो, आज काय जत्रा आहे का हिरव्या गेटला? तुम्ही तिसरे."

"तिसरे?" ताईंनी पोलीस ठाण्यात फोन लावला. हो, साहेबांचाही एक माणूस साध्या कपड्यांत चक्कर मारून आला होता. साहेबांना त्याचा अभिमान होता.

जिकडे वर्षात परका माणूस फिरकत नाही अशा त्या बंद गल्लीत एका दुपारी तीन खात्यांची तीन माणसे, एकमेकांना न सांगता, तेच गेट बघून गेली होती. प्रत्येकाने आपापल्या परीने चोख काम केले होते. बघून या असे खात्यांना कुणी सांगितले नव्हते. बघायला जाऊ नका, असेही कुणी सांगितले नव्हते. ते सांगणे ताईंचे काम होते.

"अकरापर्यंत थांबायचं नाही," त्या उठत म्हणाल्या. "आत्ता निघायचं."

"पण दार?" नर्सने विचारले. "टँकरशिवाय दार उघडत नाही ना?"

"मालक सावध झाला असेल. मुली हलवायच्या तर त्यालाच दार उघडावं लागेल."

त्यांनी पुन्हा पोलीस ठाण्याला फोन लावला. साहेब म्हणाले, "असं कसं ताई? महिला शिपाई दहानंतर येणार. त्यांच्याशिवाय मुलींना हात लावता येत नाही, तुम्हीच सांगता ना दर बैठकीत?"

"सांगते. पण साहेब, कामगार खातं निघालंसुद्धा."

"निघाले? आम्हाला न विचारता?"

"ते म्हणाले, पोलिसांची वाट बघत बसलो तर संध्याकाळ होईल."

"असं म्हणाला तो? बघतो मी. आहे त्या शिपाईबाईंना वाटेत घरून उचलतो."

मग कामगार निरीक्षक. "काय सांगता! पोलीस निघाले? आणि टाळं कोण ठोकणार, तेच? उद्या पेपरात फोटो त्यांचा! ए, गाडी काढ रे!"

ताईंनी फोन ठेवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या फोनवर कधी खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांच्या शब्दावर खाती हलत, ती त्याच भरवशावर. तेवढ्यात फोन वाजला. नवरा होता.

"एक्स्चेंज, आईची सकाळची गोळी कुठली? पांढरी की गुलाबी?"

"गुलाबी. खाण्याआधी. ठेवते."

ताई आणि नर्स काकांच्या गाडीत बसल्या. गल्लीच्या तोंडाशी काकांनी गाडी थांबवली आणि आरशात पाहत ती उलटी आत घेऊ लागले. नर्स मागच्या काचेतून पाहत होती. "ताई, टेम्पो," ती म्हणाली.

हिरवे गेट सताड उघडे होते. समोर ताडपत्री टाकलेला टेम्पो, इंजिन सुरू. ताडपत्रीखालून कुणाच्या तरी ओढणीचे टोक बाहेर लोंबत होते. पोलिसांचा पत्ता नव्हता.

काकांनी गाडी तिरपी केली, दोन भिंतींमध्ये बरोबर अडकवली आणि इंजिन बंद केले. मग सावकाश उतरून त्यांनी बॉनेट उघडले.

टेम्पोतून एक दांडगा माणूस उतरला. "ए म्हाताऱ्या! काढ गाडी!"

"काढतो की. सुरू झाली तर काढतो."

"उलटी कशाला घातलीस आत?"

"सुलटी येईना म्हणून."

"चढलीय का सकाळी सकाळी?"

"मला नाही, हिला. सरकारी गाडी आहे, तिला कधी काय होईल नेम नाही. तुम्ही धक्का देता का जरा?"

त्या माणसाने काकांची कॉलर धरली. ताई दार उघडून उतरल्या. त्यांनी गाडीला पाठ टेकली.

"सोडा त्यांना. पोलीस मागेच आहेत," त्या म्हणाल्या. आपला आवाज आपल्याला ऐकू येतोय की नाही, हेही त्यांना कळत नव्हते. सकाळपासूनचे हे तिसरे खोटे.

त्याने गल्लीच्या तोंडाकडे पाहिले. कुणी नव्हते. तो हसला आणि एक पाऊल पुढे आला.

तेवढ्यात कोपऱ्यावर दोन गाड्यांचे ब्रेक एकदमच करकचले. आधी कोण शिरणार यावरून त्या दोन्ही एकमेकींना घासता घासता वाचल्या.

पुढचे सगळे भराभर झाले. ताडपत्री निघाली. शिपाईबाईंनी एकेकीला हात देऊन उतरवले. सगळ्या मुलींच्या पायांत चपला होत्या, पट्टे घट्ट आवळलेले. एकीने नर्सला ओळखले आणि रडू फुटायच्या आत घाईघाईने सांगितले, "तिनं सांगितलं होतं, चपला घालूनच बसत जा."

नर्स डबी हातात घेऊन प्रत्येकीच्या तोंडाकडे पाहत होती. "ती कुठंय?"

मुलगी खाली बघून म्हणाली, "काल दुपारी गेटपाशी एक माणूस उभा होता. तिला वाटलं, तुमचाच. तिला नीट दिसत नाही ना. आम्ही म्हटलं, थांब. पण तिनं हात केला. मालकाच्या बहिणीनं बघितलं. संध्याकाळी तिला एकटीला गाडीत घालून घेऊन गेले."

"कुठे?"

मुलीने माहीत नाही अशी मान हलवली.

कामगार निरीक्षक टाळे ठोकून हात झटकत आले. ते खुशीत होते. "ताई, मानलं तुम्हाला! अशी एकदिलानं कारवाई आजवर झाली नव्हती." मुलींवरून नजर फिरवत त्यांनी विचारले, "यातली ती हात करणारी कुठली हो?"

"ती नाही यात," ताई म्हणाल्या.

ते हसतच राहिले, पण थोडाच वेळ. मग त्यांनी त्या वरच्या खिडकीकडे पाहिले, तिथून गेटकडे, आणि किल्ली मुठीत धरून ते पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी नर्स डबी घेऊन आली. "आणखी कुणाला हा नंबर जुळतो का बघू? वाया जायला नको."

"नको. ठेव इथं."

पकडलेला मालक तिचा पत्ता सांगत नव्हता. ताईंनी फोन ओढला. एकेक करत आसपासच्या सगळ्या गावांची ठाणी, बस स्थानके, दवाखाने. सगळीकडे तेच सांगायचे: अंगाने बारीक, एक वेणी, बोटांना सुयांचे घट्टे.

"आणखी काही खूण?" पलीकडच्याने कंटाळून विचारले.

"लांबचं बघताना डोळे बारीक करते. आणि हे नीट लिहून घ्या," ताई म्हणाल्या. "दिसली तर दुरून हाक मारू नका. हात करू नका. कुणाला पाहणी करायला पाठवू नका. तुम्ही स्वतः जा. तिला तुमचा चेहरा दिसेल इतकं जवळ जा, आणि मग बोला."

"लिहिलं. पुढं?"

"एवढंच."

त्यांनी डबी उघडली, पदराने काचा पुसल्या, डबी फोनशेजारी ठेवली आणि पुढच्या गावाचा नंबर लावला.