सावली मागे घे

उन्हाळ्याच्या तोंडावर होर्तेन्सिया गेली आणि तिच्या नवऱ्याच्या, एवारिस्तोच्या, डोळ्यांतून टिपूस आलं नाही. दाढ काढताना हिरडी बधिर होते ना, तसं त्याचं सगळंच झालं होतं. लोक म्हणाले, माणूस नव्हे दगड. म्हणोत बापडे.

आता पितरांची रात्र, गेलेली माणसं घरी येतात ती, उद्यावर आली. धाकटी मेहुणी लाला सकाळीच झेंडूच्या माळा घेऊन हजर. तिने मेजावर गोड पाव मांडला, मेणबत्त्या उभ्या केल्या आणि कमरेवर हात ठेवले.

"दाजी, ताईचा फोटो?"

"लग्नातला आहे की."

"अहो, ती तर कोवळी पोर! उद्या ताई येणार ती स्वतःचं तोंड बघून. हे बघितलं तर म्हणेल, घर चुकलं, आणि जाईल शेजाऱ्यांकडे. आत्ताचा द्या."

एवारिस्तोने जन्मभर फोटो काढले ते खाऱ्या समुद्रावरच्या पक्ष्यांचे. पेलिकन, शेकाट्या, पिवळ्या पायांचे कुरव. होर्तेन्सिया रोज रुंद काठाची टोपी घालून त्याच्या पाठीशी उभी असायची. तिचा म्हणून एक नाही. कॅमेरा वळवला की तोंडापुढे हात धरायची, "पक्षी बघ रे म्हाताऱ्या, मला काय बघतोस!" यालाही तेवढंच निमित्त पुरायचं.

"पाखरांचे ढिगाने, आणि बायकोचा एक नाही," लाला फणकारली. "धन्य आहे हो तुमची!"

बोलणं खरं होतं, तरी लागलं नाही. आपल्याला काही लागतच नाही, याचीच त्याला भीती वाटायला लागली होती. कॅमेरा उचलून तो किनाऱ्यावर गेला.

पायाखाली माशांची हाडं कुरकुरली. वास नेहमीचाच. ऊन पाठीशी, समोर उथळ पाण्यात एक कुरव. आज मान भाजत होती. एरवी कशी भाजत नाही, कोण जाणे. तिपाई रोवून, वाकून त्याने डोळा लावला आणि सवयीने बोलून गेला, "सावली मागे घे गं, फोटोत येतेय."

कोणी हललं नाही. वाळूवर एकच सावली होती, त्याची.

रोज सकाळी हेच वाक्य. "झालं तुझं सुरू!" म्हणत ती जरा सरकायची, सावली मात्र राहायचीच. घरी येऊन तो फोटोची ती कड छाटून टाकायचा. पण मूळ फोटो? ते तर त्याने कधीच पुसले नव्हते!

धापा टाकत तो घरी आला आणि संगणकावर गेल्या हिवाळ्यातले न छाटलेले फोटो उघडले. वर पक्षी, खाली दोन सावल्या. वाकलेली त्याची, मागे ताठ तिची. तिचं डोकं उघडं. आणि टोपी? टोपी हात लांब करून तिने त्याच्या मानेवर धरलेली. पुढच्या फोटोत तसंच. त्याच्या पुढच्याही.

लाला त्याच्या खांद्यावरून वाकली. "यात तोंड कुठंय ओ?" मग तिलाही दिसलं. "अगं बाई... ही उन्हात उभी राहायची?"

"मला माहीत नव्हतं गं."

"छापा हाच," ती हळूच म्हणाली. "ओळखेल ती."

एवारिस्तोने मानेला हात लावला. कातडी झोंबली, चांगलीच झोंबली. मेजावर डोकं टेकून तो लहान पोरासारखा रडायला लागला.