आवाज न देता उतरलो

मी एक जुनं, पंख मोडलेलं विमान आहे, मित्रांनो. माणसं नेणारं नव्हे हं! पिकांवर औषध फवारणारं, एकाच माणसाला बसता येईल एवढं. नवा होतो तेव्हा माझा पिवळा रंग असा झळकायचा, की विचारू नका.

नव्वदच्या दशकात उसावर कीड पडली की मला जुन्नरजवळच्या येडगावला, धरणकाठी बोलवायचे. माझे वैमानिक शफीभाई जुन्नरच्याच बाजारपेठेत वाढलेले. आम्ही उसाच्या शेंड्यांवरून सरसर जायचो, पोरं टाळ्या पिटायची. एकटी साळुबाई तेवढी मला शिव्या घालायची. धरणाचं पाणी हटलं की काठाला हिरवं गवत उगवतं, तिथं ती आपली म्हैस चारायची. चंद्री तिचं नाव. माझी घरघर लांबून आली की ती चंद्रीला ओढत घरी न्यायची. "आलं बाई मेलं! म्हशीच्या पोटात इख जाईल नव्हं!" एका उन्हाळ्यात चंद्री गाभण होती, दिवस भरत आले होते. एकट्या साळुबाईचं घर तिच्याच दुधावर चालायचं. मला त्या शिव्यांची गंमतच वाटायची.

त्या उन्हाळ्यात माझं इंजिन मधूनच ठसकू लागलं. मेकॅनिक चांगदेवनं विचारलं, "शफीभाई, आत्ता खोलून बघू का?" त्यांनाही ते पटत होतं. पण शेतकरी खोळंबले होते. "आजचा ऊस उरकू राव, मग खोलू." चांगदेवनं मान डोलावली.

दुसऱ्याच फेरीला इंजिन बंद पडलं. केवढी भयाण शांतता! खाली ऊस, पलीकडे पाणी. मोकळी जागा एकच, धरणकाठचं ते गवत. साळुबाई आमच्याकडे पाठ करून गवत कापत होती. तिला कळणार तरी कसं? शफीभाई जिवाच्या आकांतानं ओरडले, "मावशी, सरका!" तिनं वळून पाहिलं आणि जागीच थिजली. शफीभाईंनी सगळा जोर लावून मला बाजूला रेटलं. साळुबाई वाचली. पण बाजूला चंद्री होती.

साळुबाई धावत आली. आधी तिनं शफीभाईंच्या रक्ताळलेल्या कपाळाला पदर लावला. "पोरा, लई लागलं का रं?" मग चंद्रीपाशी गेली आणि तिच्या पोटावर हात ठेवून बसून राहिली. आतलंही काही हलत नव्हतं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, "रोज बोंबलत यायचास मेल्या. आज का रं गप आलास?" मला त्या वेळी फार रडावंसं वाटलं.

शफीभाईंनी पुन्हा विमान चालवलं नाही. मला एका गोदामामागे टाकून दिलं, तिथंच गंजत पडलोय. शफीभाईंनी साळुबाईला दुसरी म्हैस आणून दिली. तिनं ती दारात बांधून घेतली, पण तिला नाव काही दिलं नाही.

मित्रांनो, कळकळीनं सांगतो, यंत्र कुरकुरलं की आधी ते बंद करा. लोक खोळंबलेत म्हणून रेटू नका, त्यांना नुसतं विचारून बघा. त्या दिवशी ज्याचा ऊस फवारायचा होता तो रखमाजी नंतर कपाळाला हात लावून म्हणाला, "आमाला सांगायचं व्हतं की, भाऊ. आमी थांबलो असतो."