सुखरामच्या गोठ्याची नाली

सकाळी तलावावर पोरांचा नुसता धिंगाणा असायचा. पाठीला वाळका भोपळा बांधून गावातलं प्रत्येक लेकरू इथंच पोहायला शिकायचं. प्रेमिलाची लेक प्राचीही तशीच शिकली होती. यंदा मात्र पाण्यावर हिरवी साय धरली होती. पोरांच्या अंगावर फोड उठले होते, शेजारच्या शामकलाबाईंची नात अंजू हगवणीनं दवाखान्यात पडली होती.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सुखरामच्या गोठ्याचं सारं शेणमूत नालीनं थेट तलावात जायचं. पण गाईच्या शेणामुताला घाण म्हणायचं नाही, हा गावाचा दंडक. गाईला पूजायचं आणि लेकरांना तिच्या मुतात पोहायला सोडायचं, याला श्रद्धा म्हणावं की निव्वळ आळस?

सुखराम प्रेमिलाचा सासरा. त्या दिवशी प्राची कान धरून रडत उठली. कानातून पू वाहत होता. प्रेमिला तडक अंगणात गेली.

"मामाजी, नाली बंद करा. गोठ्यामागं खड्डा खना."

"कायले? गाईचं मूत पवित्र असते. त्यानं कोनी बिमार पडते का?"

"पोरी बिमार पडून राहिल्या ना!"

"जास्त बोलू नोको. पटत नसन तं मायेरी जाय."

तिचा नवरा योगराज मुकाट्यानं धारा काढत राहिला. तिला सासऱ्यापेक्षा त्याचाच संताप आला.

प्रेमिलानं फावडं उचललं. भिंतीबाहेर नालीच्या तोंडाशी तिनं मातीचा बांध घातला. शामकलाबाईंनी मातीचं घमेलं पुढं केलं.

इकडं गडी गोठा धुवू लागले. पाणी बांधाला थडकलं, मागं फिरलं आणि अंगणातून ओसरीवर चढलं. पूजेला बसलेला सुखराम धोतर सावरत उठला.

"अरे, घान घुसली घरात! कोनं बुजवली नाली?"

"मी," प्रेमिला दारात येऊन म्हणाली. "हेच पानी प्राचीच्या कानात गेलं, मामाजी."

सुखराम ओरडला, "योगराज, फोड तो बांध!"

योगराज कुदळ घेऊन बाहेर आला. प्रेमिला धावत जाऊन बांधावर बसली.

"खड्डा होयेपर्यंत मी उठत नाही. मारा कुदळ!"

तिला वळसा घालून योगराज गोठ्यामागं गेला आणि जमिनीत पहिला घाव घातला.